सुमे, आपली मुंगी चोरीला गेली

प्रिय सुमे,

आधी मोठी बातमी. आपली मुंगी चोरीला गेली. हसू नकोस. म्हणजे हस, मी पण आधी हसलेच होते, मग स्टॉलवर परत येऊन स्टुलावर बसले आणि समोर गिऱ्हाईक उभं असून मला सुचेना की त्याला साइज विचारायची का माफी मागायची.

उत्तरं दिली नाहीत त्याबद्दलच्या शिव्या नंतर घाल, मेसेज सगळे वाचलेत. तब्येत ठीक, खांदा तसाच आहे, व्यायाम सांगितलेत, करत नाही. आई बरी आहे. झालं.

तर ऐक. या वेळी प्रदर्शनात आपल्या हाताने रंगवलेल्या शर्टांना कोपऱ्यावरचा स्टॉल मिळाला होता, हो, तोच, घंटाताईंनी शेवटी सोडला (का सोडला ते वेगळं पत्र होईल). दोन बाजू उघड्या म्हणून मी खूश, आणि दोन बाजूंनी वारा म्हणून सकाळपासून स्टँड धरून उभी. पाण्याच्या बाटल्या बांधल्या पायांना तरी एकदा सगळी रांग हँगरसकट शेजारच्या मातीच्या भांड्यांवर जाणार होती, टोपीवाले काका मध्ये आडवे आले म्हणून वाचलो. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा त्यांनाच लक्ष ठेवायला सांगून मी चक्कर मारायला निघाले. पलीकडच्या रांगेत एक नवा मोठा स्टॉल, दिवे काय, पुतळे काय, आणि मधल्या पुतळ्याच्या अंगावर आपला निळा शर्ट. फांदी तीच, वाकडं पान तेच जे मी दर वेळी सरळ काढायचं ठरवते, आणि कॉलरच्या खाली, डाव्या बाजूला, मुंगी.

मी जवळ गेले. तुला माहितीये मी कशी जवळ जाते, नाक लावून. मागच्या रॅकवर तसेच अजून, सगळ्या साइजमध्ये. प्रत्येकावर मुंगी, प्रत्येकावर त्याच जागी. आणि सुमे, मोठ्या साइजच्या शर्टावर मुंगीपण मोठी! कुणीतरी अख्खं चित्र ताणून मोठं केलंय, फांदी मोठी, पान मोठं, मुंगी झुरळाएवढी. तिथे मला हसू फुटलं आणि तो काउंटरवरचा मुलगा आला.

म्हणाला, हॅन्डपेंटेड आहे मॅडम. मी म्हटलं कोण रंगवतं? तर म्हणे आमचे आर्टिस्ट आहेत. आणि मग, हे ऐक, त्याने शर्ट उलटा केला आणि मला शिकवलं की बघा, मागे रंग उतरलाय, प्रिंट असती तर मागची बाजू पांढरी राहिली असती. मला! तो व्हिडिओ तू बघितला असशील, सगळ्यांनी बघितलाय, हल्ली अर्धी गिऱ्हाईकं येतात ती आधी कपडा उलटा करतात. त्याचं कापड पातळ कॉटन, शाई पाण्यासारखी, ती आरपार जाणारच. आपलं जाड लिनन, त्यावर आपला फॅब्रिक कलर, तो बसतो वरच्या वर, त्यातून गडद कापडावर पांढऱ्याचा हात आधी मारलेला, मागे जाणार काय डोंबल? म्हणजे त्या परीक्षेत त्याचा शर्ट खरा आणि माझा खोटा. सकाळीच एक बाई माझा शर्ट उलटा करून, मान हलवून निघून गेल्या होत्या, तेव्हा मला वाटलं त्यांना शिलाई आवडली नसेल.

भांडले का विचारशील. नाही भांडले. मी तो शर्ट विकत घेतला. माझ्याच चित्राचा, पूर्ण पैसे देऊन, आणि त्याने वर पिशवी पण दिली नाही.

घरी आणून भिंग लावलं तर मशीनच्या छपाईचे ठिपकेच ठिपके. निळे, गुलाबी, पिवळे, काळे, लांबून आपल्या डोळ्याला ते मिसळून एकच रंग दिसतो तेवढंच. मग म्हटलं धुऊन बघू, जाईल. गरम पाणी, साबण, ब्रश, कडक ऊन, सगळं केलं. ढिम्म. जाणार कशाला, ते रिअॅक्टिव्ह रंग, 1956 पासून बाजारात आहेत, सुती धाग्याशी रासायनिक बंधच जोडतात, आपणच नाही का बादलीत सोडा घालून रात्रभर ओलं गुंडाळून ठेवायचो आणि तुझी बाथरूम जांभळी झाली होती. आपला रंग म्हणजे शेवटी बाइंडरने, त्यातल्या चिकट द्रवाने, चिकटलेला, नीट खळ काढली, उलट बाजूने इस्त्री दिली तर वर्षानुवर्षं राहतो, पण राहतो चिकटूनच.

आता जे सांगणार आहे ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. वीणाला सांगायला गेले तर ती म्हणाली केस कर. टोपीवाले काका म्हणाले दुर्लक्ष कर. दोघांचंही बरोबर आहे पण माझा मुद्दाच तो नाहीये.

मुद्दा असा की त्यांचा निळा जास्त चांगला आहे.

थांब, चिडू नकोस. तो निळा आठव, ब्रश उचलल्यावर पहिली काही मिनिटं दिसतो तो, आतून उजेड असल्यासारखा, आणि मग आपण बघत बसायचो तो वाळताना गडद आणि मख्ख होत जायचा. तू म्हणायचीस अॅक्रिलिकचं असंच असतं, ओलं असताना बाइंडर दुधट असतो, वाळून पारदर्शक झाला की रंग उतरतोच. मी किती मिडियम बदलले, पाणी कमी केलं, एक छटा फिकट घेतली, पांढरा पाया दिला, तो ओला निळा कधी हाती लागला नाही. तो जगात फक्त आपण दोघींनी बघितला होता. आणि आता तो तिथे पुतळ्याच्या अंगावर. त्यांना काही कळलं असं नाही गं, फोटो काढला असेल आणि कॉम्प्युटरवर रंग चढवला असेल, बास. पण मी त्या शर्टासमोर उभी होते आणि मनात पहिलं काय आलं असेल तर, हाच. चोर, वगैरे नंतर आलं.

व्यवस्थापकांकडे गेले होते, तेवढं केलं. ते म्हणाले फॉर्ममध्ये हस्तनिर्मित असं लिहून घेतो, फोटो बघतो, प्रत्येकाच्या घरी जाऊन कुठे बघणार, आपापसात मिटवा. वीणाच्या ओळखीच्या वकीलबाई मात्र बऱ्या निघाल्या. त्या म्हणाल्या चित्र काढलं की हक्क आपोआप तुझा, कॉपीराइटचा बर्न करार मानणाऱ्या देशांत नोंदणीची अट नाही, पण तेच चित्र कपड्यावर आलं आणि कपडा माल म्हणून विकायला लागलीस की बऱ्याच ठिकाणी डिझाइनचा कायदा वेगळा, त्यात नोंदणी बहुतेक वेळा आधी करावी लागते, जगाला दाखवून झाल्यावर नाही. आणि आपण तर वर्षानुवर्षं वाऱ्यावर टांगून दाखवतोय. तारखेचे जुने फोटो शोधून ठेव म्हणाल्या. आहेत. सगळ्यात जुन्या फोटोत तुझं कोपर आहे.

हो, कोपर. परत सांगते, ब्रश जास्त भरलेला नव्हता, तू धक्का दिलास. तपकिरी थेंब खांद्यावर पडला, तू म्हणालीस फेक आता हा शर्ट, आणि मी त्याला सहा पाय काढले. या घटनेची तुझी आवृत्ती मला मान्य नाही आणि कधी होणार नाही. पण त्यानंतर प्रत्येक शर्टावर मुंगी आणि प्रत्येकावर वेगळ्या जागी, हा नियम तुझा होता, हे मी सगळ्यांना सांगते. लहान मुलं स्टॉलवर येऊन आधी मुंगी शोधतात. आया साइज शोधतात, जी नसते.

(साइजचं तेच चालू आहे. ज्या साइजचे जास्त रंगवावे त्या प्रदर्शनात ती माणसंच येत नाहीत. आणि "माझी भाची पण छान पेंटिंग करते" चालू आहे. आणि "किती वेळ लागतो एकाला?" आणि सांगितलं की "बापरे", आणि मग घासाघीस. तू एकीला म्हणाली होतीस ना, भाचीकडूनच करून घ्या, ते मी अजून म्हणू शकलेले नाही.)

आता तुला तुझं जुनं भाषण आठवेल, मला तर रोज आठवतंय. स्कॅन करून छापू म्हणाली होतीस, मूळ एक काढ, बाकी मशीनला करू दे, खांदा वाचेल. मी म्हटलं मग आपण कशाला? तर तू इतिहास काढलास. हाताने रंगवलेलं सुती कापड इथून जहाजं भरभरून गेलं, तिकडचे विणकर बोंबलले, फ्रान्सने 1686 मध्ये बंदी घातली, इंग्लंडने 1721 मध्ये वापरावरच बंदी आणली, बायकांनी तरी नेसायचं ते नेसलंच, आणि शेवटी 1783 मध्ये एकाने रोलरने छापायचं पेटंट घेतलं आणि विषय संपला. पुढे तू म्हणालीस, आणि हे मला लागलं होतं, की तीच फांदी परत परत काढणारी तू, तू चित्रकार आहेस का झेरॉक्स? मी तुझ्याशी किती तरी दिवस बोलले नव्हते. कारण नंतर काहीतरी वेगळं सांगितलं होतं, बहुतेक भाड्याच्या हिशोबाचं.

माझं उत्तर तेव्हाही होतं आणि ते म्हणजे मुंगी. फांदी तीच असेल, मुंगी कधीच तीच नाही. ती कुठे जाणार हे मला ब्रश टेकवेपर्यंत माहीत नसायचं. कधी खिशाच्या कडेला, कधी बटणावर चढताना, एकदा पाठीवर, एकटीच. त्या जिवावर मी तुला आणि त्या रोलरवाल्याला तोंड देत होते.

आणि आता मुंगी निघत नाहीये, सुमे. तेच लिहायला बसलेय, बाकी सगळं उगाच.

दुसऱ्या दिवशी स्टॉलवर बसून रंगवत होते (लोक थांबतात म्हणून, रंगवताना बघितलं की उलटं करून बघत नाहीत). फांदी झाली, पानं झाली, बारीक ब्रश घेतला आणि हात सरळ कॉलरखाली गेला. डावीकडे. त्यांच्याच जागेवर. मी थबकले. मग मुद्दाम उजवीकडे खाली नेला तर वाटलं ही काय, ही तर तिथून पळून आलेली मुंगी. बाहीवर नेला तरी तेच. कुठेही काढली तरी ती "तिथे नाही" म्हणून काढलेली. एक छोटी मुलगी समोर उभी होती, म्हणाली, मावशी मुंगी विसरलात. मी म्हटलं झोपलीये. आता ऑर्डरचे शर्ट घरी टांगलेत, सगळे पूर्ण, सगळे बिनमुंगीचे, आणि मी रोज समोर ब्रश धरून बसते आणि मग उठून डबे लावते. घर इतकं आवरलेलं तू कधी बघितलं नसशील.

दुसरं काही काढ म्हणशील. काढलं. भुंगा काढला, मेलेल्या माशीसारखा झाला. फांदीच सोडून द्यावी असंही वाटतं, पण स्टॉलचं भाडं फांदीवर निघतं, बाकी चित्रांना लोक "वा" म्हणतात आणि पुढे जातात.

आणि एक रात्री असं पण डोक्यात आलं की आपणच छापावं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे. फांदी छापायची, तो ओला निळा मिळेल, खांदा वाचेल, आणि मुंगी तेवढी प्रत्येकावर हाताने. टॅगवर खरं लिहायचं, छापील कापड, मुंगी हाताची. हे लिहिताना मला एकदम शहाणपणाचं वाटतंय आणि एकदम लाज पण वाटतेय. तू खूश होऊ नकोस, मी तुझं ऐकलं असं यात कुठेही लिहिलेलं नाही. कारण यातही प्रश्न उरतोच, हात परत कॉलरखाली गेला तर? मग छापील फांदीवर छापल्यासारखी मुंगी हाताने काढणारी मी, याला काय म्हणायचं ते तुझ्या इतिहासात बघून सांग.

तू एकदा येशील का? एक दिवस. तू नुसतं बोट ठेव, इथे, इथे, आणि मी काढते. तुला डिझाइनची अक्कल नाही हे आपलं जुनं ठरलेलंच आहे, म्हणून तर तुझं बोट पाहिजे.

तुझं प्रमोशन कळलं, अभिनंदन, साहेबीण झालीस. लेकीचं बोर्डिंगचं काय ठरलं? मला विचारशील तर पाठवू नको, पण मला विचारू नको. घराचा रंग तो पिवळा घेऊ नकोस, फोटोत बरा दिसतोय, संध्याकाळी दिव्यात आजारी वाटेल.

पुढच्या प्रदर्शनाचा फॉर्म महिनाअखेरीला भरायचाय आणि त्यात या वेळी हस्तनिर्मित आणि छापील असे दोन वेगळे चौकोन आहेत, म्हणून त्याच्या आत उत्तर दे. फोन नको, फोनवर तुझ्याशी नीट भांडता येत नाही. आणि माझा सहा नंबरचा चपटा ब्रश तुझ्याकडेच आहे, नाही म्हणू नकोस, तुझ्या स्वयंपाकघराच्या फोटोत बरणीत उभा दिसला, चमच्यांच्या मागे.

तुझी,
मंजी