स्तंभावर नावे फक्त तुरुंगात गेलेल्यांचीच का? मंत्रीमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या हस्ते आमच्या गावी मिठाच्या सत्याग्रहाच्या स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. त्यावर माझ्या आजोबांचे नाव नाही. भूमिपूजनाला आपण भर सभेत शब्द दिला होता की, राजीनामा दिलेल्या पाटलांचीही नावे कोरू. आता आपले अधिकारी म्हणतात, तुरुंगवासाचा दाखला आणा.

कुठून आणू? 1930 साली आजोबा पोलीस पाटील होते. मीठ उचलणाऱ्यांची नावे वर कळवणे हे त्यांचे काम. त्यांनी राजीनामा दिला आणि स्वतःच मीठ उचलले. शिक्षा दंडाची झाली. भरला नाही म्हणून बैलजोडी आणि माजघरातला तांब्याचा हंडा जप्त झाला. लिलावात गाव गप्प बसले. बोली लावली ती आजोबांच्या चुलतभावाने, आणि पाटीलकीही त्यालाच मिळाली. तेव्हापासून दोन्ही घरांत पाण्याचा तांब्यासुद्धा दिला-घेतला जात नाही. माझ्या वडिलांच्या लग्नाला अर्धी भावकी आली नाही. ही शिक्षा कुठल्या दाखल्यावर लिहितात, साहेब?

आपण भाषणात म्हणालात, सगळे गाव एकदिलाने उठले. साफ खोटे! सरकारी कराने गावे उभी फाटली होती. गावेच कशाला, 1896 च्या दुष्काळात पीक बुडालेल्यांनी घरदार विकून सारा भरू नये, असे टिळकांच्या ताब्यातली पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था सांगत होती, तेव्हा रानडे-गोखले वेगळी डेक्कन सभा काढून बसले होते. फूट लपवली की पाटीलकीवर पाणी सोडणारा आणि ती उचलणारा एकाच मापाने मोजले जातात.

1928 साली गुजरातेत बार्डोलीच्या साराबंदी सत्याग्रहात तडजोड झाली, तेव्हा राजीनामा दिलेल्या पाटील-तलाठ्यांना इंग्रज सरकारने परत घेतले. परक्यांना जे कळले ते आपल्या खात्याला कळू नये? केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेतसुद्धा मालमत्ता जप्त होऊन विकली गेलेले बसतात. मग तुरुंगाची ही अट काढली कुणी?

खरे दुखणे हे आहे की, इंग्रजांच्या जेलरने लिहिले तेवढेच या राज्यात अजून खरे धरतात. गाव, भावकी, घरातल्या म्हाताऱ्या यांच्या साक्षीला काडीची किंमत नाही. कोतवालापासून सचिवापर्यंत सगळे कागद मागतात, आणि कागद असतात सरकारच्याच कपाटात.

ती कपाटे उघडा. त्या वर्षांचे राजीनामे, जप्तीचे पंचनामे, लिलावाच्या याद्या तालुक्यातालुक्यात लावा. बोली लावणाऱ्यांच्या नावांसकट. आणि स्तंभावर जागा उरली नसेल, तर दुसरा दगड माझ्या खर्चाने बसवायची लेखी परवानगी द्या.

आपला,
एका राजीनामा दिलेल्या पाटलाचा नातू