डिसेंबरातलं पाऊल

राबाई, जिल्हा किलिफी, केनिया
लेंटचा दुसरा रविवार, दुपार

चि. रूथ हिस,
मम्मीचा सप्रेम सलाम, बाळीला खूप पापे.

आज तीन महिने झाले. तितकेच उरलेत. निघायच्या आदल्या रात्री माझ्या बॅगेची चेन लावता लावता तू विचारलंस, "का गं, नाशिकमधली आजारी माणसं संपली का?" मी पासपोर्ट शोधत असल्याचं सोंग केलं. पासपोर्ट पर्समध्येच होता. तो प्रश्न बॅगेतून इथवर आला आहे, म्हणून आज लिहायला बसले. फोनवर पप्पा मध्येच बोलतात आणि बाळी रडायला लागते, मग राहून जातं.

आधी गंमत सांगते. इथे मला सगळे 'मामा' म्हणतात. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. आणि दादा म्हणजे बहीण! पहिल्या आठवड्यात दवाखान्यात कुणीतरी "दादा, दादा" हाक मारत होतं, मी आपली दारात कोण पुरुष आलाय बघतेय. नाश्त्याला 'महामरी' असते. पप्पांना हे फोनवर सांगितलं तर ते गप्पच झाले, त्यांना वाटलं साथ आली. तळलेली, किंचित गोड पुरी असते ती, वेलदोड्याच्या वासाची. सोबत नारळाच्या दुधात शिजवलेली तूर. आपलीच तूर! फोडणी नाही एवढंच. दुकानाला 'दुका' म्हणतात, साबणाला 'साबुनी', रंगाला 'रांगी'. अर्ध्या वेळी मी मराठीतच बोलते आणि निभावतं.

आता काम. तुला वाटत असेल मम्मी इथे सिस्टर-इन-चार्ज असल्यासारखी हुकूम सोडत असेल. तसं काही नाही. इथल्या नोंदणीशिवाय मला नर्स म्हणून काम करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई इथे पाणी भरते आणि पोरांचे पाय धुते.

पायांचं असं आहे. वाळूतली एक पिसू असते, तिला इथे 'फुंझा' म्हणतात. ती तळव्यात, नखाखाली शिरते, आत फुगते, अंडी घालते. पाय इतके ठणकतात की मुलं टाचेवर चालतात, शाळा सोडतात. पूर्वी घरोघरी टाचणीने उकरून काढायचे, एकच टाचणी सगळ्या भावंडांना. आता साबणाच्या पाण्यात पाय धुऊन, कोरडे करून एक तेल लावतात, त्यात पिसू गुदमरून मरते. तेल लावायचं काम गावची आरोग्यसेविका करते. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, पण कुठलं पोर कुणाचं आणि कुठल्या घरात जमीन मातीची, सगळं तिला तोंडपाठ. मी धुते, ती लावते. पोर त्याच मातीच्या जमिनीवर झोपायला परत जातं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा आमच्या बादलीपाशी येतं. "मामा, पाय धुऊन भागत नाही, जमिनीला सिमेंट हवं," ती मला म्हणाली. मला जरा लागलं ते. मग रात्री हिशेब केला तर माझ्या एका बाजूच्या तिकिटात किती घरांच्या जमिनी झाल्या असत्या, तो आकडा तुला सांगत नाही.

चर्चतर्फे आलेल्या आमच्या ग्रुपमधल्या एकाने मी पाय धुताना फोटो काढला. मंडळीत दाखवायला चांगला, म्हणाला, अगदी योहानाचा तेरावा अध्याय. मी पुसायला लावला. त्या पोराने चेहरा हाताने झाकला होता, रूथ. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा कुणी समोर उभं राहून शिष्यांना "इकडे बघा" म्हणालं नव्हतं.

मागच्या शनिवारी मोंबासाला गेलो. तिथे एका चौकाला केंगेलेनी म्हणतात. केंगेले म्हणजे घंटा, आणि खरोखरच तिथे जुनी घंटा आहे. गुलाम पकडणारे आले की वाजवायची. त्या वस्तीचं नाव फ्रेअरटाउन, मुंबईचे गव्हर्नर होते त्या बार्टल फ्रेअरवरून. 1875 साली ती सुटलेल्या गुलामांसाठी वसवली, आणि तिथे राहायला आलेल्यांत नाशिकची माणसं होती. आपल्या शरणपूरची!

इंग्रजांच्या जहाजांनी गुलामांची गलबतं पकडली की त्यातली मुलं मुंबईला उतरवत. त्यातली काही शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यातला जेकब वेनराइट 1873 साली आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या दफनाची प्रार्थना वाचायला जंगलात उभा होता, आणि पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. आणि इथे राबाईला, मी रोज बादली भरते त्या गावात, 1864 सालीच नाशिकहून तिघं आले होते. त्यातल्या विल्यम जोन्सने पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. 1888 साली मालक त्यांना परत मागायला आले, तेव्हा शेवटी भरपाई मोजून सुमारे 1,400 जणांची सुटका झाली. तू दहा वर्षं शरणपूर रोडने कॉलेजला गेलीस-आलीस. मी त्याहून जास्त. आपल्याला यातलं कुणी काही सांगितलं होतं का?

ही माणसं इथे राहिली, आणि इथल्याच मातीत गेली. माझ्याकडे परतीचं तिकीट आहे. त्या घंटेखाली उभी असताना मला तेच जड वाटत होतं.

तर तुझा प्रश्न. नाही गं, नाशिकमधली आजारी माणसं संपली नाहीत. आणि तुझी रजा संपून बाळीला सहाव्या महिन्यात पाळणाघरात ठेवावं लागलं, तेव्हा आजी घरात हवी होती, हेही खरं. मी देवाचं नाव पुढे करून निघाले. पाचारण होतं, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या मागे दडून मला एकदा, फक्त एकदा, कुणाच्या डब्याची काळजी न करता कुठेतरी जायचंही होतं. हे तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू कमी रागावली असतीस, असं आता वाटतं. कदाचित जास्तही.

पप्पांना सांग, कुकरची रिंग वरच्या खणात डावीकडे आहे. तिसऱ्यांदा सांगतेय.

इथे एक बाई चामड्याच्या चपला करते, वर बारीक मणी ओवते. बाळीसाठी जोड सांगायचा आहे, ईस्टरच्या आधी. तिने माप विचारलं तर मी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं, आणि मग लक्षात आलं की ते डिसेंबरातलं पाऊल आहे. कागदावर तिचा पाय ठेवून पेन्सिलीने कड काढ आणि फोटो पाठव. बाजूला पट्टी ठेव. आणि उभी राहायला लागली असेल तर तेही कळव, तळ थोडा कडक करायला सांगते.

तुझी
मम्मी