डॉक्टर ताई, हे पत्र तुम्हाला

डॉक्टर ताई, स. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळतोय. नौपाड्यात तुमच्याकडे फिजिओथेरपीला येणारे काय ते ओळखतीलच.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात हिच्या काखेतल्या लसग्रंथी काढल्या, मग रेडिएशन झालं. हात सुजायला लागला तो नंतर. बांगड्या चढेनात, ब्लाउजची एक बाही उसवून वाढवावी लागली. "कॅन्सर गेला ना, मग हाताचं काय एवढं!" म्हणणारे पुष्कळ. ऑपरेशन सुचवणारेही पुष्कळ, आणि प्रत्येकाचं ऑपरेशन निराळं.

तुम्ही आधी अंगठ्याने हात दाबलात. खळगा पडला. "अजून पाणी जास्त आहे, चरबी कमी," म्हणालात आणि कागद पुढे ओढलात. लसवाहिन्या, म्हणजे हातातलं हे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, चालू असतील तर त्या बारीक शिरांना जोडता येतात; वाहिनी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, टाके मायक्रोस्कोपखाली. चरबी साठून हात घट्ट झाला की तेवढ्याने भागत नाही, लायपोसक्शन लागतं, आणि त्यानंतर प्रेशर स्लीव्ह, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट बाही, रात्रंदिवस, कायमची. तिसरी वाट जांघेतल्या किंवा मानेतल्या लसग्रंथी आणून काखेत बसवायची. त्यात जांघेतल्या नको त्या ग्रंथी निघाल्या तर पाय सुजू शकतो, हेही सांगितलंत. सुरी तुमच्या हातात नसते, म्हणूनच बहुधा इतकं सरळ बोलता आलं. सर्जनसमोर काय विचारायचं ते आम्हाला त्या कागदामुळे कळलं. बोटांच्या बेचक्यात हिरव्या रंगाचं इंजेक्शन देऊन कॅमेऱ्यात पाहिलं, वाहिन्या चालू दिसल्या, तेव्हा जोडणीचं ठरलं.

त्याआधी सूज उतरवायची होती. मेडिकलमधलं क्रेप बँडेज नाही, कमी ताणलं जाणारंच हवं, बोटांकडून वर बांधत जायचं, वर सैल ठेवायचं. बँकेत जन्मभर नोटांची बंडलं बांधली, पण अशी कडक तपासणी माझी कुणी केली नव्हती!

ऑपरेशननंतरही हात दुसऱ्या हातासारखा झालेला नाही. तो होणार नाही हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत, त्यामुळे हिरमोड नाही. हलका झालाय, पोळ्या लाटताना भरून येत नाही. गेल्या पावसाळ्यात हात लाल होऊन ताप चढला आणि अ‍ॅडमिट करावं लागलं होतं. यंदा तसं एकदाही झालं नाही. तरी तुम्ही सांगितलेलं लक्षात आहे: हात लाल, गरम दिसला की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

जुनी स्लीव्ह सैल पडली आहे. नवीचं माप द्यायला पुढच्या आठवड्यात येतो, सकाळीच, सूज कमी असताना.

आपला,
कोपरी, ठाणे