क्यूबचे फॉर्म्युले छापताना तो धरायचा कसा, तेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली की मुलांच्या पुरवण्यांमध्ये रुबिक क्यूबचे सात-आठ फॉर्म्युले एका चौकटीत छापून येतात. शिबिरांत त्याच कागदाची झेरॉक्स वाटली जाते. फॉर्म्युले बहुतेक वेळा बरोबर असतात, तरी मूल तिसऱ्या-चौथ्या पायरीवर अडकते आणि घरचे म्हणतात, याचं गणित कच्चं आहे. गणिताचा इथे काही संबंध नाही. कोणती बाजू समोर धरायची आणि फॉर्म्युला कुठे थांबवायचा, एवढेच त्या चौकटीत नसते. तेही छापावे, अशी विनंती आहे.

सुरुवात तुकड्यांपासून व्हायला हवी. क्यूबवर रंगाचे ५४ चौकोन दिसतात म्हणून नवशिका ते ५४ चौकोन लावायला बसतो. खरे तर तुकडे २६ आहेत: एकेका रंगाचे ६ मधले, दोन रंगांचे १२ कडेचे आणि तीन रंगांचे ८ कोपऱ्याचे. मधले तुकडे आपापली जागा सोडत नाहीत, त्यामुळे ज्या बाजूचा मधला तुकडा हिरवा ती बाजू हिरवीच होणार. नेहमीच्या क्यूबमध्ये पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा आणि लालसमोर केशरी असतो. ‘पांढरी बाजू पूर्ण झाली, पण पुढे काही जमत नाही’ ही तक्रार इथूनच येते. वरून सगळे पांढरे दिसते, पण कडेच्या तुकड्यांचे दुसरे रंग शेजारच्या मधल्या तुकड्यांशी जुळलेले नसतात. तो पांढरा थर मोडून पुन्हा लावण्यावाचून गत्यंतर नाही. चुका टाळायच्या तर आधी पांढरे चार कडेचे तुकडे पिवळ्या मधल्या तुकड्याभोवती फुलासारखे आणावेत. मग एकेकाचा बाजूचा रंग जुळवून ती बाजू दोनदा फिरवावी, की तुकडा खाली पांढऱ्याशेजारी नीट बसतो.

आता खुणा. आर म्हणजे उजवी बाजू, एल डावी, यू वरची, डी खालची, एफ समोरची. नुसते अक्षर म्हणजे त्या बाजूकडे तोंड करून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, ‘प्राइम’ म्हणजे उलटा पाव फेरा आणि ‘यू टू’ म्हणजे अर्धा फेरा. पहिला धडा म्हणून ‘आर, यू, आर प्राइम, यू प्राइम’ एवढेच द्यावे. बोटांच्या भाषेत सांगायचे तर उजवी वर, वरची डावीकडे, उजवी खाली, वरची उजवीकडे. लावलेल्या क्यूबवर हे सलग सहा वेळा केले की क्यूब जसाच्या तसा परत येतो. मुलांची भीती घालवायला याइतका चांगला उपाय नाही.

पांढरे कोपरे याच चार चालींनी बसतात. पांढरी बाजू खाली, आणि हवा तो कोपरा वरच्या थरात, समोर-उजवीकडे, बरोबर आपल्या जागेच्या वर. पांढरा रंग उजवीकडे पाहत असेल तर एकदा, वर असेल तर तीनदा, समोर असेल तर पाच वेळा. मधल्या थरासाठी वरचे, पिवळा रंग नसलेलेच तुकडे घ्यायचे. तुकड्याचा समोरचा रंग समोरच्या मधल्या तुकड्याशी जुळवून तो उजवीकडे खाली बसवायचा: यू, आर, यू प्राइम, आर प्राइम, यू प्राइम, एफ प्राइम, यू, एफ. डावीकडे बसवायला हीच चाल आरशातली. इथे फारसे कोणी अडत नाही.

अडतात ते पिवळ्या अधिक-चिन्हावर, म्हणजे वरच्या मधल्या पिवळ्याभोवती कडेचे चारही पिवळे वर आणण्यावर. फॉर्म्युला एकच: एफ, आर, यू, आर प्राइम, यू प्राइम, एफ प्राइम. कडेच्या पिवळ्यांची रेघ दिसली तर ती आडवी धरून एकदा. इंग्रजी ‘एल’ अक्षराचा आकार दिसला तर त्याचे दोन हात मागे आणि डावीकडे धरून दोनदा. आणि नुसता मधला ठिपका असेल तर? कित्येक कागदांवर ‘तीन वेळा करा’ एवढेच लिहिलेले असते. क्यूब न हलवता तीनदा केले तर पुन्हा ठिपकाच येतो आणि मूल रडकुंडीला येते. कारण पहिल्या वेळेनंतर ‘एल’ समोर आणि उजवीकडे येतो. पिवळी बाजू वरच ठेवून तिथे क्यूब अर्धा वळवावा लागतो, मग राहिलेल्या दोन वेळा. एका ओळीचा हा खुलासा कोणत्याही चौकटीत मावेल.

पुढे बाजूचे रंग जुळवायला वरचा थर फिरवून लगतचे दोन कडेचे तुकडे जुळवावेत, ते मागे आणि उजवीकडे धरावेत, आणि आर, यू, आर प्राइम, यू, आर, यू टू, आर प्राइम, यू. समोरासमोरचेच दोन जुळत असतील तर हे एकदा करून पुन्हा पाहावे. कोपरे आपापल्या जागी आणायला जागेवर असलेला कोपरा समोर-उजवीकडे ठेवून यू, आर, यू प्राइम, एल प्राइम, यू, आर प्राइम, यू प्राइम, एल, लागल्यास दोनदा. एकही कोपरा जागेवर नसेल तर कुठूनही एकदा करावे, एक जागेवर येतो. कोपऱ्याचे रंग वाकडे असले तरी चालेल, जागा तेवढी पाहायची.

शेवटची पायरी सर्वांत सोपी, आणि सर्वाधिक क्यूब तिथेच बिघडतात. वाकडा कोपरा समोर-उजवीकडे वर ठेवून आर प्राइम, डी प्राइम, आर, डी. पिवळा वर येईपर्यंत हा संच दोनदा किंवा चारदा. मधल्या काळात खालचे दोन थर पार विस्कटलेले दिसतात. बहुतेक मुले घाबरून इथे क्यूब गोल फिरवतात, नाहीतर पिवळा वर आलेला दिसताच शेवटचा ‘डी’ सोडून देतात. दोन्हींत खेळ संपला, पहिल्या पायरीपासून सुरुवात. क्यूब हातात जसा धरला आहे तसाच राहू द्यावा, फक्त वरचा थर फिरवून पुढचा वाकडा कोपरा त्याच जागी आणावा. शेवटचा कोपरा सरळ झाला की खालचे थर आपोआप जुळतात. मग एखाद्या वेळी वरचा थर फिरवावा लागतो तेवढाच.

एक सूचना पालकांसाठी. सगळे नीट करूनही एकच कोपरा वाकडा राहिला, किंवा पिवळ्या अधिक-चिन्हाच्या वेळी कडेचे एक किंवा तीनच पिवळे वर दिसले, तर मुलाची चूक शोधत बसू नये. कोणीतरी क्यूब उचकटून तुकडे चुकीचे बसवले आहेत, कोपरा जागच्या जागी पिळला आहे किंवा स्टिकर बदलले आहेत. सुटे तुकडे डोळे मिटून जोडले तर १२ पैकी एकाच वेळी क्यूब सुटण्याजोगा बनतो. अशा वेळी तो पूर्ण उघडून लावलेल्या स्थितीत जोडावा. क्यूब घट्ट फिरत असेल तर खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल घालू नये, सिलिकॉनचे घालावे. मधल्या तुकड्याच्या टोपीखाली स्क्रू असेल तर तो किंचित सैल करावा.

सेकंद मोजायची घाई तर अजिबात नको. बुडापेस्टच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये हा क्यूब बनवला, तेव्हा स्वतःचाच क्यूब सोडवायला त्यांना सुमारे महिना लागला होता. त्याच शहरात १९८२ मध्ये झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत विजेत्याची वेळ २२.९५ सेकंद होती.

पुरवणीत जागा कमी असते हे मान्य. म्हणून सगळे फॉर्म्युले एकाच रविवारी न देता दर रविवारी एक पायरी द्यावी, आणि प्रत्येक फॉर्म्युल्याशेजारी क्यूब वरून कसा दिसतो आणि समोरची बाजू कोणती, हे दाखवणारी छोटी आकृती छापावी.

आपला,
क्यूब शिकवणारा एक वाचक, नाशिक