रुमाल पांढराच राहिला होता

पासाडेना, कॅलिफोर्निया
१३ मे २०१८

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत आणि मी "पत्रातून कळवते" म्हणून विषय बदलला. दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं ते. लाखो डिझेल गाड्या धुराच्या तपासणीत लबाडीनं पास करवल्याच्या प्रकरणात फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचे माजी प्रमुख मार्टिन विंटरकोर्न यांच्यावर अमेरिकेत गुन्हा दाखल झाल्याचं तुम्ही पेपरात वाचलंत, आणि तुमचा प्रश्न होता, "गाडीवाल्यांना पैसे मिळाले, वर भरपाईही मिळाली. मग अजून दुखतंय कुठं?"

आप्पा, २०१२ साली तुम्ही आणि आई इथं आला होतात, तेव्हाची शेजारच्या बाईंची फोक्सवॅगनची करडी जेट्टा आठवते का? लांब डिकीची, डिझेलची. डिझेल म्हटल्यावर तुमचा विश्वासच बसेना. धूर नाही, वास नाही. तुम्ही बाईंना गाडी चालू करायला लावलीत, रेस द्यायला लावलीत, आणि खिशातला धुतलेला रुमाल काढून सायलेन्सरच्या तोंडाशी धरलात. रुमाल पांढराच राहिला. तुम्ही तो दोनदा उलटसुलट करून पाहिलात आणि म्हणालात, "मानलं बुवा यांना." मी ते इंग्रजीत सांगितल्यावर बाई लहान मुलीसारख्या खूश झाल्या. पुढं तीन वर्षं घरी येईल त्याला त्या सांगायच्या की भारतातल्या एका बस मेकॅनिकनं माझी गाडी पास केली आहे.

ती गाडी त्या लाखो गाड्यांपैकीच एक होती. हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं.

तुमचा रुमाल खोटा नव्हता. काजळी अडवायला त्या गाडीत फिल्टर होता आणि तो आपलं काम चोख करत होता. तुम्ही आम्हाला लहानपणी धूर वाचायला शिकवलंत: काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे कुठंतरी पाणी शिरलंय. पण इथली लबाडी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची होती, आणि ती सायलेन्सरमधून बाहेर पडताना डोळ्याला दिसतच नाहीत. ती दिसतात नंतर, शहरावर तांबूस पट्टा होऊन. तुम्ही इथं होतात तेव्हा दुपारी समोरचे डोंगर नाहीसे व्हायचे आणि तुम्हाला ते धुकं वाटायचं. ते हेच. उन्हात हे वायू आणि पेट्रोलची वाफ एकत्र आले की त्यातून ओझोन तयार होतो आणि छातीत जळजळ होते. हे शोधून काढणारे हागेन-स्मिट याच आमच्या गावात, कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठात प्राध्यापक होते, १९५० च्या सुमाराला. म्हणून कॅलिफोर्नियाचा या वायूंवर एवढा डोळा. जवळच एल माँटेला राज्याच्या हवा मंडळाची गाड्या तपासायची प्रयोगशाळा आहे, तिलाही त्यांचंच नाव आहे.

आता कंपनीची अडचण काय होती ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. डिझेल जितकं गरम आणि भरपूर हवेत जळेल तितकं ॲव्हरेज चांगलं, पण तितकेच हे वायू जास्त. ते कमी करायला जळका वायू परत इंजिनात फिरवला, तर काजळी वाढते आणि फिल्टर लवकर भरतो. जेट्टात हे वायू धरून ठेवणारा एक सापळाही होता, पण तो साफ करायला मधूनमधून जादा डिझेल खर्ची घालावं लागतं. इथली मर्यादा मैलाला ०.०७ ग्रॅम, म्हणजे फारच कडक. ॲव्हरेज, टिकाऊ फिल्टर आणि स्वच्छ हवा हे तिन्ही एकदम जमेना. ते जमत नाही असं सांगायचं सोडून त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरला परीक्षा ओळखायला शिकवलं. चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही, वेग ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वरखाली होतोय, म्हणजे गाडी प्रयोगशाळेत तपासणीच्या रोलरवर आहे. मग शहाण्यासारखं वागायचं. रस्त्यावर आली की सोडून द्यायचं. रस्त्यावर हे वायू मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत जायचे.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "मग रस्त्यावर कुणी मोजलंच नाही का?" मोजलं ना. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॅन कार्डर यांच्या छोट्या गटानं मोजलं, आणि त्यात आपली भारतातली दोन मुलंही होती, अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा. २०१३ मध्ये त्यांनी मोजायचं यंत्र आणि जनरेटर गाडीच्या मागं लादला आणि फोक्सवॅगनचीच पसाट ही गाडी लॉस एंजेलिसहून सिएटलला नेऊन परत आणली. जेट्टाचा आकडा मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाला. आधी त्यांना वाटलं आपलंच यंत्र बिघडलंय. त्याच गाड्या एल माँटेच्या रोलरवर मात्र पास! त्यांना कुणाला पकडायचं नव्हतं, उलट अमेरिकेत डिझेल इतकं स्वच्छ कसं केलं हे युरोपला दाखवायचं होतं. हे वाचताना मला तुमचे ते दिवस आठवले, तुम्ही दुरुस्त केलेल्या गाडीत स्वतः बसून घाट चढून यायचात तेव्हाच सही करायचात.

१८ सप्टेंबर २०१५ ला कंपनीला सरकारी नोटीस निघाली. अमेरिकेत सुमारे ४ लाख ८२ हजार गाड्या, जगात १ कोटी १० लाख. पाच दिवसांनी विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. आपल्याकडेही पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेनं तपासल्यावर ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या गेल्या, ते तर तुम्हीच मला सांगितलं होतंत.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी बाई आमच्या दाराशी आल्या. आत येईनात. तुमची नात अभ्यास करत होती, तिला त्यांनी बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "मला माफ कर." पोरीला काहीच कळेना. तिला दमा आहे हे त्यांना माहीत होतं, आणि मला पहाटेची पाळी असली की दोन वर्षं त्याच तिला शाळेत सोडायच्या, याच गाडीतून. शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून, गाड्यांच्या रांगेत. एका गाडीनं कुणाचा दमा वाढला असं कुठलाच डॉक्टर सांगणार नाही आणि मीही म्हणत नाही. मी त्यांना तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी ही गाडी हवेसाठी घेतली होती. पैसे जास्त देऊन घेतली होती."

आप्पा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दारात मिळालं. फसवला गेलेला माणूस माफी मागत होता, आणि फसवणाऱ्यांकडून त्या वेळी पाचशे डॉलरचं कार्ड, शोरूममध्ये वापरायचे आणखी पाचशे आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत, एवढंच येऊ घातलं होतं. माणसाचं पाकीट मारलं तर तो चिडतो. पण त्याच्या नकळत त्याच्याच हातून शेजाऱ्यांच्या हवेत विष सोडलं, तर तो चिडायचं कुणावर आणि लाजायचं कुणाला, हेच त्याला कळत नाही. बाईंची गाडी २००९ सालची. त्या वर्षी जेट्टा डिझेलला पर्यावरणाचा मोठा पुरस्कार मिळाला होता आणि सरकारनं घेणाऱ्याला १३०० डॉलरची करसवलत दिली होती. ती सवलत त्यांना सगळ्यात जास्त टोचायची. शाळेत शिक्षिका होत्या त्या, चाळीस वर्षं. "मी सरकारचे पैसे खोटं सांगून घेतले," असं म्हणायच्या. कितीदा समजावलं, की खोटं तुम्ही नाही सांगितलंत. पटायचं नाही.

सगळे असे नव्हते. माझ्या हॉस्पिटलात दोघांकडे याच गाड्या होत्या. एक रोज शंभरावर किलोमीटर येऊन-जाऊन करायचा. त्याला हवेचं काही नव्हतं, तो गाडीची किंमत पडली म्हणून पेटला होता. तोही खोटा नव्हता, आप्पा. कर्ज काढून घेतलेली गाडी एका रात्रीत कुणी विकत घेईना, तर माणसानं करायचं काय? दुसऱ्याला गाडीचा पिकअप इतका आवडायचा की दुरुस्ती आली तरी नको म्हणत होता. "लाखो गाड्यांत माझ्या एकीनं काय होणार?" मी त्याच्याशी भांडले. त्या पावणेपाच लाखांतल्या प्रत्येकाला हेच म्हणता आलं असतं. एमआयटी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी हिशेब मांडला होता, की या जादा वायूंमुळं अमेरिकेत २०१५ पर्यंत अंदाजे ५९ माणसं वेळेआधी गेली. आम्ही दोघंही वॉर्डात काम करतो, श्वास घ्यायला धडपडणारी माणसं आमच्यासमोर असतात. त्या दिवशी तो काही बोलला नाही. मागच्या उन्हाळ्यात जुन्या जेट्टांच्या दुरुस्तीला मंजुरी मिळाल्यावर मात्र त्यानं ती करून घेतली, आणि पिकअप थोडा कमी झाला असं म्हणत अजून चालवतो.

पण मधली दोन वर्षं वाईट होती. गाडी चालवायला बंदी नव्हती. उलट सरकारनंच सांगितलं की गाडी सुरक्षित आहे, चालवा. आणि दुरुस्ती काही तयार नाही! म्हणजे माहीत असताना रोज सकाळी किल्ली फिरवायची. बाईंनी शक्य तिथं चालत जायला सुरुवात केली, गोल्ड लाइन या इथल्या लोकल रेल्वेनं जाऊ लागल्या. सत्तरी उलटलेली बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढ चढताना दिसायची आणि गाडी दारात उभी. मी सोडते म्हटलं तर कधी यायच्या, कधी नाही.

पैशांचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी २५ ऑक्टोबर २०१६ ला तडजोड मंजूर केली. एकूण १४७० कोटी डॉलरपर्यंत, त्यातले हजार कोटींवर गाड्या परत घ्यायला आणि मालकांच्या भरपाईला. भानगड बाहेर येण्याआधीची किंमत धरून गाडी परत घ्यायची आणि वर किमान ५१०० डॉलर. जर्मनीतल्या मालकांना यातलं काही नाही, तिथं कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून दिला, काही इंजिनांत एक प्लॅस्टिकची जाळीवाली नळी बसवली, झालं. त्यामुळं इथल्यांचं बरं झालं असं तुम्ही म्हणता, ते चूक नाही.

काहींनी तर परत द्यायच्या आधी गाडीचे दरवाजे, सीटं, बंपर काढून घेतले, कारण अट एवढीच होती की गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत यायला हवी. न्यायाधीशांनी त्यावर नाराजी दाखवली. मलाही ते आवडलं नाही. बाईंनी मात्र गाडी धुवून, आतून झाडून, टाकी भरून दिली. शोरूमचा माणूस म्हणाला, "बाई, ही कुणी चालवणार नाही आता." त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला." मी सोबत होते. किल्ली देताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, आपण म्हैस विकताना तिच्या पाठीवर ठेवतो तसा.

त्या गाड्या कुठं गेल्या माहीत आहे? डोंगरापलीकडे व्हिक्टरव्हिलच्या वाळवंटातल्या विमानतळावर रांगाच रांगा उभ्या आहेत. देशभर अशी ३७ ठिकाणं, त्यांत सुमारे तीन लाख गाड्या. वरून काढलेला फोटो बाईंनी कापून स्वयंपाकघरात लावलाय. त्यात करड्या रंगाच्या पुष्कळ आहेत.

विंटरकोर्न जर्मनीत आहेत, आणि जर्मनी आपल्या नागरिकाला असं अमेरिकेच्या हाती देत नाही. इथं सापडले त्यांतल्या एका इंजिनिअरला चाळीस महिने आणि एका अधिकाऱ्याला सात वर्षं झाली. मला शिक्षेपेक्षा एकच वाटतं. ही लबाडी ठरली त्या खोलीत तुमच्यासारखा एखादा असता, "ही गाडी बाहेर जाणार नाही" म्हणून किल्ली खिशात घालणारा, तर? त्या पावसाळ्यात तुम्ही अशी किल्ली खिशात घातली होतीत आणि आठ दिवस घरी बसवलं होतं तुम्हाला. आईचं तोंड आठवतं मला.

असो. तुमची नात बरी आहे, पंप आता क्वचितच लागतो. आईला सांगा, गुडघ्याच्या गोळ्या जेवणानंतरच घे.

आणि एक काम आहे. बाईंना अखेर गाडी घ्यायची आहे, वयामुळं चालणं होईना. काल त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना विचार, कुठली घेऊ." मी म्हटलं, आप्पांनी तर मागच्या वेळी रुमाल धरला होता. त्या म्हणाल्या, "म्हणूनच त्यांना विचार. त्यांनी निदान गाडी चालू करून बघितली होती."

त्यांना काय सांगू ते लिहा.

तुमची
थोरली