शुक्रवारी रात्री गाडी काढू नकोस

बाळा,

परवा फोनवर तू चिडलास आणि मीपण पटकन ठेवून दिला. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहायला बसले. लांब मेसेज बघितला की तू वाचत नाहीस माहितीय मला, पण बोलायला गेलं की आपलं भांडणच होतंय. निवांत वाच, ऑफिसात नको.

आधी हे सांगते की तुझं बरोबर आहे. घर विकायचं ठरवलं आणि तुला डायरेक्ट इसारपावतीचा फोटो टाकला, तसं नको होतं करायला. ताईला सगळं माहीत होतं कारण ती इथं आहे, दवाखान्यात तीच नेते, त्या दिवशी जिन्यात बसलेली मी तिलाच सापडले. हे तुला सांगायचं नव्हतं, आता लिहिलं तर लिहिलं. काही मोडलेलं नाही, चक्कर आली होती नुसती. पण सतरा पायऱ्या आहेत बाळा, आणि संडास खाली.

सोमवारी खरेदीखत आहे. पप्पांच्या नंतर प्रॉपर्टी कार्डावर आपली तिघांची नावं लागली, त्यामुळं तुझी सही लागणारच. आधार, पॅन ओरिजिनल आण. आणि शुक्रवारी ऑफिस सुटलं की गाडी काढतो, दोनपर्यंत पोचतो म्हणालास, ते नको. हुतात्मा एक्स्प्रेस सहाला पुण्यातून निघते, दहाच्या आसपास इथं सोलापुरात. एक दिवस लवकर सुटता येत नाही का तुला? साखर कारखाने चालू आहेत सध्या. टेंभुर्णीपासून मोहोळपर्यंत उसाच्या दोन दोन ट्रॉल्या जोडून रात्रभर चाललेल्या असतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, टेपरेकॉर्डर मात्र जोरात. बरं, यावर जास्त लिहीत नाही.

पैशाचं ऐक. सीएकडं ताई जाऊन आली. घर तुझ्या आजोबांनी घेतलेलं, म्हणजे जुनं, म्हणून १ एप्रिल २००१ ला त्याची किंमत काय होती ते व्हॅल्युअरकडनं काढून घेतलंय, नफा तिथून धरतात. जेवढा नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातला तेवढ्यावर टॅक्स नाही. माझा वाटा जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये जाईल. तुमचं तुम्ही बघायचं. मला नको म्हणालास ते रागात म्हणालास, घे गुपचूप आणि कर्ज कमी कर. दोघंच माणसं, एवढे हप्ते कशाला लावून घेतले, आमच्या वेळी आधी पैसे साठवायचे आणि मग वस्तू आणायची... हे बघ, सुरू झालं माझं. सॉरी. गाडी चांगलीच आहे तुझी. देवळात, भाजीवालीला, सगळ्यांना फोटो दाखवलाय मी. आणि अण्णाकाका पण गाडी चांगलीच चालवायचे. मोडनिंबचं तुला सांगायला नको.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, लाईट गेली तरी चालते म्हणे. एक बेडरूम. लोखंडी कॉट जाणार नाही, तांब्याचा बंब ताईला दिला, शिवणयंत्र बाई घेऊन गेली. चादरींची पेटी उघडली तर अकरा निघाल्या, नुसत्या घडीत पिवळ्या पडलेल्या. इथं कुणी आलं की चादर आणि शेंगाचटणी दिल्याशिवाय सोडत नव्हते पप्पा, तरी एवढ्या उरल्या कशा काय माहीत. पप्पांची यात्रेत घालायची बाराबंदी मी कुणाला देणार नाही, ती माझ्याबरोबर येईल. यंदा सिद्धेश्वराच्या यात्रेला, गड्ड्याला तू नव्हतास. नंदीध्वजाच्या काठ्या दारावरनं गेल्या, सातही, ताईची पोरं गच्चीतून हर्र बोला हर्र ओरडत होती आणि मी खालीच उंबऱ्यात बसले. पुढच्या वर्षी रिक्षा करून यायचं कसब्यात, पाहुण्यासारखं.

अडलंय ते उखळावर. फरशीत बसवलेलं दगडी उखळ काढायचं कसं? गवंडी म्हणाला काढताना फुटेल. घेणारे खाली चादरींचं गोडाऊन करणार आहेत, ते सिमेंट टाकून बुजवून टाकतील. मिक्सरमध्ये शेंगदाण्याचा कूट होतो, चटणी होत नाही. कुटता कुटता दाण्यांना तेल सुटलं पाहिजे, लसूण आणि तिखट त्यात मुरलं पाहिजे. मिल बंद पडली त्या वर्षी तू चौथीत होतास. पप्पा सहा महिने गप्पच होते, नुसते बसायचे, आणि मी पहाटे चारला उठून कुटायचे. मग एक दिवस त्यांनीच सायकलला डबे अडकवले आणि नवी पेठेत दुकानांत फिरून आले. तू हॅक्सॉ ब्लेड धरून मेणबत्तीवर पुड्या सील करायचास, बोटं भाजायची तुझी, मला दिसू नये म्हणून पाठीमागं लपवायचास. शाळेत बाईंनी विचारलं तर सायकलवरनं पडलो म्हणालास. तुला आठवतंय का ते? मी कधी विचारलं नाही.

म्हणून विकताना तुला विचारलं नाही रे. तू नको म्हणाला असतास आणि मी लगेच ऐकलं असतं. मग परत जिना.

काल शेवटचं कुटून ठेवलंय, दोन किलो. दंड भरून आलेत. एक किलो तुझं. सुनबाईला सांग फ्रीजमध्ये ठेवू नको.

ताईनं तुझं हुतात्माचं तिकीट काढून ठेवलंय, तिच्या मोबाईलवर आहे, तुला पाठवेल. मी सांगितलं म्हणून काढलं, तिच्यावर चिडू नकोस. तू मोठा आहेस, सगळं तुझं तू ठरवतोस, मला मान्य आहे. पण झोप नसलेला माणूस स्टिअरिंगवर कसा पेंगतो ते त्याला स्वतःला कळत नाही. झालं, संपलं, आता गाडीचा विषय नाही.

रविवारी पहाटे पाणी येईल, पाचवा दिवस आहे. हौद भरायचा का नाही तेच कळेना. सोमवारी किल्ली द्यायची, भरून कुणासाठी ठेवायचा? आणि नळ चालू असताना हौद रिकामा ठेवायचा हे तर माझ्यानं होणार नाही. तू असशील तर तूच झाकण उचल, जड आहे.

आणि ऐकलं नाहीसच तर सावळेश्वरच्या टोलनाक्यावरनं फोन कर. कितीपण वाजू दे, मी जागीच असते.

आई