कोणते कागद दाखवायचे, हे कर्मचाऱ्याने ठरवायचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या व्हिसाच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत सतत येतात. पण इथे नोकरीला लागल्याबरोबर कामाचा परवाना तपासण्यासाठी जो ‘आय-नाइन’ फॉर्म भरावा लागतो, त्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. मी न्यू जर्सीत एका छोट्या कंपनीत भरती आणि पगाराचे काम पाहते, म्हणून लिहिते आहे.

१९८६ च्या कायद्याने, कामाचा परवाना नसलेल्या माणसाला जाणूनबुजून ठेवणाऱ्या मालकाला दंड होतो. त्यामुळे रुजू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत प्रत्येकाचे कागद तपासावे लागतात, अगदी अमेरिकी नागरिकाचेसुद्धा. दंडाच्या धाकाने मालक परक्या चेहऱ्याच्या माणसाला जास्तीचे कागद मागतील, ही शंका तेव्हाच होती. म्हणून त्याच कायद्यात भेदभावालाही मनाई आहे. मान्य कागदांची यादी फॉर्मसोबत असते. त्यातले काय दाखवायचे, हा अधिकार कर्मचाऱ्याचा.

प्रत्यक्षात काय होते? ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना) असलेल्या माझ्या परिचयातल्या एका ताईंनी ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड (सरकारी क्रमांकाचे कार्ड) पुढे केले. तेवढे पुरेसे होते. तरी ‘ग्रीन कार्ड आणा, त्याशिवाय काम सुरू करता येणार नाही’ असे ऐकावे लागले. त्याच सकाळी रुजू झालेल्या गोऱ्या मुलाचे हेच दोन कागद बघून लगेच परत दिले गेले. ताई निमूटपणे घरी जाऊन कार्ड घेऊन आल्या. आपली माणसे इथेच गप्प बसतात, आणि मला याचा फार त्रास होतो.

एक मात्र पाहावे. व्हिसावर असताना मिळालेल्या सोशल सिक्युरिटी कार्डावर ‘वेगळी सरकारी परवानगी असेल तरच कामासाठी वैध’ अशा अर्थाचा शेरा छापलेला असतो आणि ते आय-नाइनसाठी चालत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ते बदलून घ्यावे. पुष्कळ जण तसेच राहू देतात.

‘स्पॉन्सरशिप लागेल का?’, म्हणजे व्हिसासाठी कंपनीने अर्ज करावा लागेल का, असे मात्र मालक विचारू शकतो. त्यावरून नाकारले गेलेल्या एच-वन-बी (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसा) वाल्याला या कायद्याचा आधार जवळपास नाही. वाईट वाटते, पण आहे हे असे आहे.

आपल्याच लोकांच्या काही आयटी कन्सल्टन्सी ‘फक्त एच-वन-बी’ अशी जाहिरात देतात, तोही भेदभावच. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले त्यात डावलले जातात. अ‍ॅपलसारख्या कंपनीलाही हे प्रकरण महाग पडले. परदेशी कर्मचाऱ्यांना ग्रीन कार्ड मिळवून देताना ज्या जागा जाहीर कराव्या लागतात, त्या नेहमीप्रमाणे संकेतस्थळावर न टाकता अर्ज टपालाने मागवले आणि त्यामुळे इतर उमेदवार डावलले गेले, या आरोपावरून २०२३ मध्ये तिने न्याय विभागाशी अडीच कोटी डॉलरची तडजोड केली.

तक्रार १८० दिवसांच्या आत न्याय विभागाच्या ‘इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शन’कडे करायची असते. वकील लागतोच असे नाही, फोनवर नाव न सांगताही सल्ला मिळतो आणि तक्रारीचा सूड उगवायला मालकाला मनाई आहे. तिकडून निघणाऱ्या मुलामुलींसाठी आपण ही माहिती ठळकपणे छापावी, ही विनंती.

— एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)